ठाणे ते मोहने, बॉनेट बंद ठेवून

माणसं हिमालयात जाऊन येतात आणि पुस्तक लिहितात. मी मोहन्याला जाऊन आलो. ठाण्याहून कळवा, मुंब्रा, शीळफाटा, काटई, कल्याण, शहाड असं करत मोहने येतं. साधारण बुद्धीचा माणूस न्याहारी करून निघाला तर दुपारच्या जेवणाला तिथं पोचतो. आम्हाला दिवेलागण झाली. वाटेत घाट नव्हता, दरोडेखोर नव्हते, वाटाड्यानं फसवलं नाही. जे संकट होतं ते मी नौपाड्याहून स्वतः बांधून नेलं होतं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. माझी धाकटी बहीण कुंदा हिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडची मंडळी मोहन्याला, कारखान्याच्या कॉलनीत राहणारी. मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली आणि तिला नातवाचं लग्न डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून लग्न त्यांच्याकडच्या हॉलवर. त्यामुळे आमचं रुखवत आणि भांडीकुंडी दोन दिवस आधी तिकडे पोचवायची होती. वडील नव्हते. घरातला कर्ता पुरुष मी. बँकेत क्लार्क, आणि कर्तेपणाची हौस पगारापेक्षा मोठी.

सामान नेणार होता चेंदणी कोळीवाड्यातला हरीनाखवा. माझी आई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका, आणि नाखव्याची मुलं तिच्याकडे शिकलेली. आईला सख्खा भाऊ नाही. एका नारळी पुनवेला नाखवा खाडीला नारळ देऊन तसाच ओल्या पायांनी आमच्या दारात आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "बाई, बांधा." तेव्हापासून दर वर्षी आई त्याला राखी बांधायची आणि आम्ही त्याला मामा म्हणायचो. म्हणजे मी घरात मामा म्हणायचो. रस्त्यात चार माणसं असली की "काय नाखवा, बरंय ना?" कुंदा मात्र गोखले रस्त्याच्या त्या टोकावरून "हरीमामा" अशी हाक मारायची की दुकानदार हिशेब चुकायचे.

लग्न ठरल्याबरोबर कुंदानं एकच अट घातली होती. गौरीहरापाशी बसलेल्या नवरीला बोहल्यावर आणतो तो मामा. "मला हरीमामा आणणार. नाहीतर मी उठणार नाही," ती म्हणाली. आईनं मान डोलावली. मीही डोलावली, फक्त माझी मान जरा उशिरा हलली. मोहन्याची मंडळी काय म्हणतील, हा विचार मधे आडवा आला होता. पुढचं सगळं त्या उशिरातून झालं.

चेंदणी

नाखव्याकडे एक जुना डिझेल पिकअप होता. मूळची ती जीप. मागचं अंग कापून त्यावर लाकडी हौदा बसवलेला. बर्फ आणि मासळी वाहून वाहून तिचं वय झालं होतं. नाखवा तिला "गारी" म्हणायचा आणि होडीबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोलायचा. बॉनेटला टेकू द्यायची दांडी कधीच मोडली होती, त्या जागी वल्ह्याचा एक तुकडा.

ठरल्या दिवशी मी उजाडताच चेंदणीला गेलो. नाखवा आंघोळीला गेलेला, नाखवीण चुलीपाशी. गाडी दारात उभी आणि मी एकटा. हीच वेळ साधायला मी आलो होतो. पिशवीत वाळ्याची एक दांडगी जुडी होती. उन्हाळ्यात माठात घालतो तोच वाळा, काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेला.

कल्पना अशी: मासळीच्या गाडीतून रुखवत जाणार, मोहन्याला ताडपत्री सुटणार आणि व्याह्यांच्या अंगणात कोळंबीचा वास पसरणार. ते टाळायला जुडी बॉनेटच्या आतल्या बाजूला बांधायची. इंजिन तापलं की वाळा तापेल आणि वाटभर सुगंध सुटेल. कुणाला कळणार नाही, कुणाचं मन दुखणार नाही. इतकी नाजूक योजना मी आयुष्यात दुसरी केलेली नाही.

खरं सांगायचं तर गाडीला त्या सकाळी ओल्या लाकडाचा आणि लिंबाचा वास येत होता. मी हौद्यात डोकं घालून दोनदा हुंगलं. मासळीचा वास माझ्या नाकाला येतच नव्हता, तो डोक्याला येत होता. मी बॉनेट उचललं, आतल्या पट्टीला सुतळीनं जुडी बांधली, वर निरगाठ मारली आणि बॉनेट लावून चांगल्या माणसासारखा ओट्यावर जाऊन बसलो.

नाखवा आला तो धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात. "भाचेबुवा, एवढ्या सकाली? आई झोपू देत नाय वाटतं."

नाखवीणही निघाली होती. रुखवत नीट उतरतंय की नाही हे बघायला घरची बाई हवी, असं तिचं म्हणणं. आईला गुडघ्यांमुळे गाडीत चढवत नव्हतं, तेव्हा घरची बाई ती. मला तेही जरा खटकलं. मी काही बोललो नाही. न बोलण्यात मी त्या दिवसांत तरबेज होतो.

नौपाड्यात सामान भरलं. आईनं महिनोन्महिने खपून केलेलं रुखवत. साखरेचं तुळशीवृंदावन, खारकांचा बैलगाडा, खोबऱ्याची नक्षी. नाखवीण एकेक डबा तान्ह्या पोरासारखा हातात घेऊन हौद्यात ठेवत होती. "मोहन्याला दिवस मावळायच्या आत पोचा," आई म्हणाली. "तिन्हीसांजेला रुखवत दारात नको." नाखव्यानं मान लववली. "बाई, जेवायच्या येळेला पोचलो नाय तर नाव सांगनार नाय."

कळव्याचा पूल

ठाण्याची खाडी बघायची तर कळव्याच्या पुलावरून, थंडीच्या दिवसांत, ओहोटीला. चिखलात बगळे, पलीकडे खारफुटीची हिरवी कड, एखादी डोलणारी होडी. नाखवा बोटानं दाखवत होता, कुठे बोय मिळते, कुठे चिंबोऱ्या. आम्हा नौपाड्यातल्या माणसांना खाडी म्हणजे वास आणि डास. नाखवा तिच्याकडे घरच्या परसात बघावं तसा बघत होता.

पूल संपता संपता आवाज आला.

टप्. मग जरा वेळानं टप्, टप्. नाखव्यानं गाडीचा वेग वाढवला तसा तो फडफड फडफड असा एकसंध झाला, जणू पुढे कुणी कबुतर कोंडलं आहे. वेग कमी केला की पुन्हा टप् टप्.

"टॅपेट," मी म्हणालो.

डिझेल इंजिनाबद्दलचं माझं ज्ञान म्हणजे एक सेकंडहॅण्ड स्कूटर आणि बँकेच्या ड्रायव्हरशी मारलेल्या गप्पा. पण आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस दिसायला रुबाबदार दिसतो.

"टॅपेट आताच बांधून घेतलेत," नाखवा म्हणाला.

"मग नोझल."

"नोझल असा फडफडत नाय रं."

"बेअरिंग असेल."

"अजून काय काय येतं तुला?" नाखवीण म्हणाली. "सगली नावं एकदा घे, गारी घाबरून गप बसंल."

मुंब्र्याच्या रेतीबंदरापाशी गाडी कडेला घेतली. वर पारसिकचा डोंगर, त्याच्या कुशीत देवीच्या पायऱ्या, खाली खाडीकाठी रेतीचे ढीग. नाखव्यानं इंजिन चालू ठेवून बॉनेट उचललं, वल्ह्याचा टेकू दिला. आवाज बंद. आम्ही दोघं वाकून आत बघत राहिलो. इंजिन नुसतं आपलं धडधडत होतं, शहाण्या बैलासारखं. नाखव्यानं रेस दिली. काही नाही. बॉनेट लावलं, गाडी हलली आणि लगेच टप् टप्.

पुन्हा थांबलो. पुन्हा बॉनेट वर, पुन्हा शांतता. मी लांब स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. कसलेले मेकॅनिक असं करताना मी पाहिलं होतं. मला आत एक पूर्ण भजनी मंडळ ऐकू आलं, टाळ, मृदंग, सगळं. त्यातला बेसूर कोण हे मात्र कळेना. "वॉटर पंप," मी गंभीरपणे सांगितलं आणि कानाला लागलेलं काळं तेल पुसलं. ते गालभर पसरलं. नाखविणीनं पदर तोंडाला लावला.

एव्हाना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. माझ्या आली नाही. यंत्र ही एक गोष्ट आणि वास ही दुसरी, अशा दोन कप्प्यांचं माझं डोकं होतं. वाळा मी वासाच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं होतं.

शीळफाटा

रखडत, थांबत, बॉनेट उघडत आणि मिटत आम्ही कौसा ओलांडून शीळफाट्याला आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. नाक्यावर एक गॅरेज होतं. चार बांबू, वर ताडपत्री, खाली काळी पडलेली जमीन. तिथले उस्ताद पोट सांभाळत उठले, गाडीभोवती फिरले, बॉनेट बंद असताना ऐकलं, उघडं असताना ऐकलं आणि खुशीत आले.

"बंद, तो आवाज. खुला, तो नहीं. समझे? गरमी का मामला है. बंद रहता है तो अंदर बेअरिंग गरम होके फैलता है."

"मी म्हणत होतो, बेअरिंग," मी म्हणालो.

"साब को नॉलेज है," उस्ताद म्हणाले. आणि त्या क्षणी मला खरंच बरं वाटलं, हे इथे नमूद करून ठेवतो.

इंजिन निवेपर्यंत जेवून घ्यायचं ठरलं. आजूबाजूला कापणी झालेली भातशेतं, मधे पेंढ्यांच्या गंज्या, वाऱ्यावर सुक्या गवताचा गोड वास. नाखविणीनं डबा सोडला. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, वालाचं बिरडं, लिंबाचं लोणचं. मी हात जरा मागे घेतला, तो तिला दिसला.

"खा रं. टोप नवा आनलाय तुझ्यासाठी. त्यात कंदी मासली शिजली नाय. इचार याला."

बिरडं इतकं सुरेख होतं की मी तिसरी भाकरी घेतली. आमच्याकडे वालाच्या बिरड्यात गूळ पडतो. तिनं घातला नव्हता, आणि न घालण्यात काय शहाणपण आहे ते मला पहिल्यांदा कळलं.

इतक्यात उस्तादांची हाक आली. त्यांनी रेडिएटरच्या मागून चिमटीत काही तरी काढलं होतं. "ये घास कहाँ से आया?"

"शेतातली पेंढी असंल. वाऱ्यानं येतं," नाखवा म्हणाला.

मी चिमटीकडे पाहिलं. बारीक, पिंगट, कुरळे धागे. ती पेंढी नव्हती. डोक्यातल्या एका कप्प्याचं कुलूप उघडलं आणि आतलं सगळं दुसऱ्या कप्प्यात सांडलं. सुतळी तापून सैल झाली होती. जुडीचं एक टोक खाली लोंबत होतं. बॉनेट बंद असलं की ते पंख्याला लागायचं, उघडलं की बॉनेटबरोबर वर जायचं. आणि सगळे जण, मीसुद्धा, खाली इंजिनात बघत होतो.

इथे एखादा बरा माणूस बोलला असता. मी मनात बेत केला की कुणाचं लक्ष नसताना जुडी उपटायची आणि शेतात फेकायची.

"तुम्ही चहा घ्या सगळे," मी म्हणालो. "मी जरा बघतो."

"साब, आप कपडे खराब मत करो," उस्ताद म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. मी रुमाल पाडला, तो उचलताना वर हात घातला. उस्तादांनी माझा हात धरून खाली आणला. "अभी गरम है. हाथ जलेगा." मग मी गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं गेलो, तर तिथं नाखवा. तो माझ्या खांद्याला धरून मला बाजूला घेऊन गेला.

"भाचेबुवा," तो हळूच म्हणाला, "उस्ताद बोलतो हेड खोलावा लागंल. दोन दिस जातील." त्याचा चेहरा उतरला होता. "पोरीच्या लग्नाचा सामान नि माझी गारी आडवी आली. बाईंना काय तोंड दाखवू? मना लाज वाटतं रं. तू हितं थांब, मी कल्याणवरनं दुसरा टेम्पो घेऊन येतो."

लाज त्याला वाटत होती. मी त्याच्यासमोर उभा होतो, तोंडात अजून त्याच्या घरच्या भाकरीची चव होती, आणि मी म्हणालो, "बघू, बघू. एवढ्यात नको."

उस्तादांनी पाना लावला. मी म्हणालो, "थांबा." सगळे थांबले. तेवढ्यात नाखविणीचा आवाज आला. ती समोर दगडावर बसून भांडी विसळत होती. आम्ही उभे होतो म्हणून खाली बघत होतो. ती खाली बसलेली, म्हणून तिला वरचं दिसत होतं.

"अहो, यो झारू कुनी बांधलाय वर?"

उस्तादांनी मान वर केली. नाखव्यानं मान वर केली. जुडी बॉनेटला लटकत होती, निम्मी कापलेली, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. नाखवीण उठली, एक हिसडा दिला, जुडी हातात घेऊन हुंगली.

"वाला हाय," ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या कुणाकडे नाही, सरळ माझ्याकडे.

"इंजिन थंड राहावं म्हणून," मी म्हणालो. "वाळा थंड असतो ना."

"का? इंजिनाला उन्हाली लागलेली?"

उस्ताद हसले. त्यांना अर्धंच कळलं होतं. "मैं भी नीचे ही देख रहा था," ते म्हणाले. "ऊपर कौन देखता है." मग त्यांनी नाखव्याचा चेहरा पाहिला आणि ते पान्याला तेल लावायला निघून गेले.

नाखव्यानं जुडी बायकोच्या हातातून घेतली. उलटीपालटी करून बघितली, सुतळीची गाठ चाचपली. ती गाठ होडीवाल्याची नव्हती. घाईतली, बामणी निरगाठ.

"गेला आठवडा मासली नाय भरली मी," तो म्हणाला. "पोरीचा रुखवत जायचा म्हनून. लिंबानं घासली गारी. तुला वास आला?"

"नाही," मी म्हणालो. दिवसभरात मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता.

मोहने

शीळफाट्यापुढे इंजिनात कसलाही आवाज नव्हता. गाडीतही नव्हता. काटई गेलं, मानपाडा गेलं, कल्याणचा पत्री पूल आला. एरवी त्या अरुंद पुलावर नाखवा समोरच्या गाडीवाल्याला दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहायचा नाही. त्या दिवशी त्यानं मुकाट्यानं गाडी मागे घेऊन वाट दिली. नाखवीण आमच्या दोघांच्या मधे बसली होती, मांडीवर साखरेचं तुळशीवृंदावन. शहाडपाशी मी म्हणालो, "संध्याकाळ सुरेख पडली आहे." नाखविणीनं मांडीवरचं वृंदावन सावरलं. संध्याकाळ खरंच सुरेख होती.

मोहन्याला शिरताना वारा आमच्या दिशेनं वाहत होता. कारखान्यांच्या वस्तीचा असतो तसा एक वास नाकात शिरला, उग्र, आंबूस, डोळ्यांत पाणी आणणारा. मी मुकाट्यानं रुमाल लावला.

व्याही दारात उभे होते. गोल चेहऱ्याचे, मनमोकळे गृहस्थ. तिन्हीसांजेचं रुखवत आलं म्हणून त्यांनी काही म्हटलं नाही, उलट स्वतः डबे उतरवायला पुढे आले. ताडपत्री सुटली. मी न राहवून म्हणालो, "गाडीला वास वगैरे येत असेल जरा…"

"वास?" ते म्हणाले. "अहो, आमच्याकडे आणि वास? इथं नोकरी काढलेल्या माणसाचं नाक फक्त चष्मा टेकवायला उरतं." आणि मोठ्यानं हसले.

नाखवा तांब्याचा बंब उचलून आणत होता. ओट्यावर ठेवून त्यानं मला विचारलं, "साहेब, यो कुठं ठेवू?"

इतक्या वर्षांत त्यानं मला साहेब म्हटलं नव्हतं.

व्याही त्याच्याकडे वळले. हात जोडून म्हणाले, "आपली ओळख नाही झाली. आपण?"

हे वाक्य माझं होतं. फक्त चार शब्द लागणार होते, आणि ते मला लहानपणापासून पाठ होते. नाखवा माझ्याकडे बघत होता, नाखवीणही. मी तोंड उघडलं. शीळफाट्यावर जे झालं त्यानंतर "हे मामा" म्हणायला मला तोंड नाही, असं वाटलं. आणि त्याच्या मागे, खोल कुठे तरी, तो जुना उशीरही होताच.

"गारीवाला," नाखवा म्हणाला. "सामान घेऊन आलो." आणि तो उरलेली भांडी आणायला गेला.

पुन्हा चेंदणी

दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "मामांना त्यांनी नीट बसवलं ना? चहापाणी केलं?" मी हो म्हणालो. कुंदा मेंदीचे हात पसरून बसली होती. ती म्हणाली, "हरीमामा फेटा बांधणार की लाल टोपी घालणार? विचारलंस का?" मी म्हणालो, विचारून येतो.

काहीतरी करायला हवं होतं. कुणाचा मान ठेवायचा तर आम्ही नौपाड्यात काय करतो? घरी जाऊन अक्षत देतो. तेव्हा मी ताटलीत अक्षता, हळदकुंकू आणि नारळ घेतला, इस्त्रीचा सदरा चढवला आणि रीतसर आमंत्रणाला चेंदणीला गेलो.

नाखवा खाडीवर गेला होता. नाखवीण ओट्यावर सुका जवळा निवडत बसली होती. मी ताटली पुढे केली. "मामांना आणि तुम्हाला, दोघांना आग्रहाचं आमंत्रण. आईनं सांगितलंय."

तिनं ताटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. जवळ्यातला खडा काढून फेकला.

"कुंदाला मामा किती?"

"एकच."

"मामाला कोन आवतान करतो रं? आवतान परक्याला. काल गारीवाला झायला, आज पावना?"

मी उभाच होतो. हातातली ताटली कुठे ठेवावी हे कळेना. अपमान केला तोही मी आणि मान द्यायला आलो तर त्यातूनही अपमानच झाला. वाळ्यापेक्षा हे वाईट होतं, कारण या वेळी मी मनापासून केलं होतं.

"वासाचं त्याला येवढं नाय वाटलं," ती जवळा निवडत म्हणाली. "कोली मानूस हाय, लोक नाक धरतात, सवय हाय. पन तिकडं त्या मानसानं इचारलं तवा तू गप ऱ्हायलास. रात्री जेवला नाय तो."

"चुकलो मी."

"मना नको सांगूस."

"मामा येतील ना?"

"मी काय त्याच्या मनात बसलंय?" तिनं ताटलीतला नारळ उचलला. "यो ठेवतंय, चटनीला होईल. अक्षदा परत ने."

पुन्हा मोहने

लग्नाच्या दिवशी सकाळपासून मी हॉलच्या फाटकाशी घिरट्या घालत होतो. लोकांना वाटलं भाऊ पाहुण्यांच्या स्वागताला उभा आहे. आत कुंदा गौरीहरापाशी पिवळ्या साडीत बसली होती, मूठमूठ तांदूळ वाहत. तिला मी काही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. गुरुजींनी घड्याळ बघायला सुरुवात केली. मनात मी कुठल्या चुलत काकांना मामा म्हणून उभं करता येईल याचा विचार करत होतो, आणि कुंदा उठणार नाही हेही मला पक्कं ठाऊक होतं.

"मामा कुठे आहेत?" गुरुजींनी आतून विचारलं. "मामांना बोलवा."

मी काही बोलायच्या आत हॉलच्या मागच्या दारातून आवाज आला, "हाय. हाय मी."

तो माझ्या आधीपासून आत होता. पांढरा सदरा, लाल टोपी, खांद्यावर नवं उपरणं. पहाटेच आला होता, मागच्या अंगणात गाडी लावून आचाऱ्यांना पाण्याची पिंपं उतरवू लागला होता. मी फाटकावर ज्याची वाट बघत होतो तो मागून केव्हाच घरात शिरला होता. नाखवीण आईशेजारी बसली होती, हिरव्या लुगड्यात, अंगभर सोनं.

कुंदानं त्याला पाहिलं आणि हात वर केले, लहान मूल उचलून घ्यायला करतं तसे. नाखव्यानं तिला हाताला धरून उठवलं आणि अंतरपाटापर्यंत आणलं. मंगलाष्टकं चालू असताना तो तिच्या मागे उभा होता, ताठ, एकटक समोर बघत, भरतीच्या पाण्यात होडी धरून ठेवावी तसा.

अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. व्याही गर्दीतून वाट काढत आले. मी पुढे झालो आणि आवाज नको इतका चढवून म्हणालो, "हे आमचे मामा. कुंदाचे हरीमामा. चेंदणीचे."

"झाली की ओळख पहाटेच," व्याही म्हणाले. "त्यांनीच सांगितलं, मी पोरीचा मामा. दोघांनी चहा घेतला मागे. तुम्ही झोपला होतात बहुतेक."

नाखवा माझ्याकडे न बघता म्हणाला, "हळू बोल. लोक ऐकतात."

मग होमाच्या वेळी कानपिळीची हाक आली. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि माझ्या बहिणीला नीट सांभाळ असं बजावायचं, ही आमची रीत. मी वाकलो, नव्या मेव्हण्याचा कान हलकेच धरला, सगळे हसले, फोटो निघाला. मी उठतोय तोच माझ्या स्वतःच्या कानावर एक हात आला. खरखरीत, दोर ओढून ओढून चामड्यासारखा झालेला.

"नवऱ्याचा कान पिलाया मेव्हणा," नाखवा सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला. "मेव्हण्याचा कान पिलाया कोन?"

"मामा," कुंदा म्हणाली.

त्यानं पिळला. लटका नाही. सुकाणू फिरवावं तसा, सावकाश, पुरा. मांडव हसून लोळला. व्याही टाळ्या वाजवत होते. नाखवीण हसत नव्हती, ती नीट बघत होती, काम पुरतं झालं की नाही ते. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"एक मिनिट," फोटोग्राफर म्हणाला, "फ्लॅश पेटला नाही. परत एकदा घ्या, मामा."

नाखव्यानं परत घेतला. या खेपेला जास्त.

तो फोटो कुंदाच्या अल्बममध्ये आहे. सगळे हसतायत, लाल टोपीवाले मामा माझ्या डोक्यावर ओणवले आहेत आणि माझे डोळे भरलेले. बघणारे म्हणतात, बहिणीवर किती जीव हो, पाठवणीच्या आधीच रडू आलं. मी त्यांना तसंच समजू देतो.